गुडघ्याच्या फोल्डरातले खुबे

अल्का रामटेकेशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी मनिराम रहांगडाले. गोंदियातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक्सरे काढता काढता माझे केस पांढरे झाले. ती आमच्याकडे रिपोर्ट टाईप करायला लागली तेव्हा वीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर कागद नाचवत म्हणाली, "भाऊ, हे अक्षर आहे का कोंबडीनं उकरलं? तुमी तोंडानं सांगत जा." मी तिला चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने तोंडाने सांगायला लागलो.

तिचा टायपिंगचा वेग पाहून बिचाऱ्या की-बोर्डची दया यायची. वेगाचा तिला गर्वही होता, आणि तो ती लपवायची नाही. चालताना मात्र डावा पाय जपून टाकायची. कोणी विचारलं तर "लचकला" म्हणून विषय संपवायची. दवाखान्यातल्या माणसाला लचकलेला पाय आणि दुखणारा पाय यातला फरक कळतो, पण तिला पुन्हा विचारायची कोणाची छाती नव्हती.

ती दवनीवाड्याची. वडील रत्नपाल यांची थोडी धानाची शेती, बाकी वेळ दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत मजुरी. पण हाच माणूस बुद्धविहारात बोलायला उभा राहिला की भल्याभल्यांची बोलती बंद करायचा. अंगारे-धुपारे, नवस, ग्रहणाचं सोवळं, कशालाच सोडायचा नाही. आई पार्वताबाई त्याच्या अगदी उलट. तिचं बोलणं कमी, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. आईचा हट्ट आणि बापाची जीभ, दोन्ही अल्काने पुरेपूर घेतलं होतं.

या घरात एक मोठा मुलगा होता, बुद्धभूषण. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या १९९९ सालची गोष्ट. त्याला पोटाच्या ऑपरेशनसाठी बाहेरगावी नेलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण पोरगा त्यातून उठला नाही. त्याला सिकलसेल होता, आणि हे ना घरच्यांना माहीत होतं ना डॉक्टरांना. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, मग कधी छाती धरते, कधी हाड आतून मरायला लागतं. भूल देताना तर फारच जपावं लागतं. बुद्धभूषण गेल्यावर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा नऊ वर्षांच्या अल्कालाही तोच आजार निघाला. लेकीच्या अंगाला सुरी लागू द्यायची नाही, असं पार्वताबाईने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

आता आमचे डॉक्टर वीरेंद्र पटले. हाडांचे डॉक्टर, माणूस हौशी. २००५ साली त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि सपाटाच लावला. फिल्म तर पेशंट घरी घेऊन जातो, म्हणून ती जाण्याआधी दिव्याच्या पेटीवर लावायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. असे हजारो फोटो जमले. प्रत्येकाला नाव कॅमेऱ्याने दिलेलं, म्हणजे नुसता आकडा. कॅमेऱ्याची तारीख त्यांनी कधी लावलीच नाही, त्यामुळे सगळे फोटो एकाच वर्षी काढलेले दिसायचे. त्यातल्या त्यात शिस्त एवढीच की फोल्डर पेशंटच्या तक्रारीप्रमाणे केलेले. पाठ दुखते तो पाठीत, खांदा दुखतो तो खांद्यात. "पेशंट काय म्हणतो ते पहिलं, मी काय म्हणतो ते नंतर," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. डॉक्टर म्हणून फार चांगलं वाक्य आहे. पुढे त्यानेच आमचा घात केला, तो भाग वेगळा.

२०११ साली नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून नीतू आली. मूळची गोंदियाचीच, त्यामुळे अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पटले डॉक्टरांचे फोटो तिला तिच्या अभ्यासासाठी हवे होते. मी म्हटलं, फोटो तर कॉम्प्युटरमध्ये आहेतच, मग अडलं कुठे? ती म्हणाली, "काका, अभी आपका कम्प्युटर फोटो रखता है, समझता नहीं."

तिने एक जडजंबाल नाव सांगितलं, ऑन्टॉलॉजी. मी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. मग तिने नात्यांवरून समजावलं. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं बसमध्ये शेजारी बसली की तिरोडा येईपर्यंत त्यांचं काहीतरी नातं निघतंच. मावसभाऊ म्हटलं की तो भाऊ आहे, मावशीचा मुलगा आहे, हे कोणी वेगळं सांगत नाही. कॉम्प्युटरला मात्र यातलं काही कळत नाही. तुम्ही 'खुबा' शोधा म्हणालात आणि फोटोवर कोणी 'मांडीच्या हाडाचा गोळा' लिहिलेलं असेल, तर तो नाही म्हणून मोकळा होतो. गोळा हा खुब्याचाच भाग, हे त्याला आधी शिकवायला हवं. कोण कोणाचा भाग, कोणता आजार कोणत्या अवयवाचा, एकाच गोष्टीची नावं किती, असं सगळं गोत त्याच्यात भरायचं आणि मग प्रत्येक फोटो त्या गोतातल्या योग्य जागी बांधायचा.

"म्हणजे कॉम्प्युटरले सगेसोयरे शिकवाचे," अल्का म्हणाली.

"एकदम सही," नीतू म्हणाली, आणि ते काम अल्काच्या गळ्यात पडलं.

गळ्यात पडलं म्हणतो खरा, पण तिने ते हौसेने घेतलं. दोघी एकाच वयाच्या. गोताचा भाग नीतू बांधायची आणि फोटो त्याला जोडायचं काम अल्काचं. छातीचे, हाताचे, पाठीचे फोटो तिने भराभर लावले. गुडघ्याचा फोल्डर आला, त्यात शेकड्यांनी फोटो. तिने वरचे काही उघडून पाहिले, गुडघेच होते. मग आख्खा फोल्डर एका दमात निवडला आणि सगळ्यांवर 'गुडघा' लावून टाकलं. काम ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी संपलं. नीतूने नागपूरला तिचं कौतुक केलं, आणि मग काय विचारता, त्या महिन्यात अल्काशी बोलायला आम्हाला वेळ मागून घ्यावी लागत होती.

दुसऱ्या वर्षी तिचा पाय फारच दुखायला लागला. टेबलापासून दारापर्यंत जाताना तोंड वेडंवाकडं व्हायचं. शेवटी मीच तिला पकडून एक्सरेच्या टेबलावर झोपवलं. डाव्या खुब्याचा गोळा एका बाजूने जरासा चपटा दिसत होता. पटले डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एमआरआय केला, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "हा चपटेपणा जुना असेल तर हाड तसंच बसलंय, त्याला हात लावण्यात अर्थ नाही. नवा असेल तर गोळा खचायच्या आत त्यात बारीक छिद्र पाडून रक्ताला वाट करून द्यावी लागेल, आणि तेही लवकर. एमआरआयमध्ये थोडं दोन्हीसारखं दिसतंय. आधीचा फोटो असेल तर आणा."

आधीचा फोटो होता. २००७ साली ती सतरा वर्षांची असताना मीच काढला होता, आणि फिल्म ती घरी घेऊन गेली होती. अल्का दवनीवाड्याला गेली आणि हात हलवत परत आली.

झालं असं होतं की २०१० च्या जानेवारीत सूर्यग्रहण लागलं. ग्रहणात गरोदर बायकांना घरात कोंडतात, शिजलेलं अन्न फेकतात, हे सगळं थोतांड आहे, हे गल्लीला दाखवून द्यायचं रत्नपालने ठरवलं. सगळ्यांना भर दुपारी अंगणात बोलावलं आणि घरातली एकमेव काळी फिल्म कात्रीने कापून प्रत्येकाच्या हातात एकेक पट्टी दिली. अल्काच्या खुब्यातून आख्ख्या गल्लीने ग्रहण पाहिलं. अंधश्रद्धा किती गेली मला माहीत नाही, पण फिल्म गेली. एक्सरेच्या फिल्ममधून सूर्याकडे पाहू नये, डोळे जातात, हे मी त्याला नंतर बजावलं, तर म्हणतो, "मनिरामभाऊ, आता सांगून राहिले का?"

उरला पटले डॉक्टरांचा साठा. अल्काने 'सिकलसेल' आणि 'खुबा' टाकून शोधलं. थोडे फोटो आले. एकेक उघडला, फिल्मच्या कोपऱ्यातलं माझ्या हातचं नाव वाचलं. तिचं नव्हतं.

"सरांनी माझा काढलाच नाई," ती म्हणाली.

"काढला असणार," डॉक्टर म्हणाले. "मी कोणाचा सोडायचो नाही."

"नाई सर. असता तर आला असता. फोटो मीच लावले."

मी म्हटलं, सगळे एकदा उघडून पाहू. ती माझ्यावरच भडकली. तिच्या कामावर माझा विश्वास नाही म्हणाली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. पाय कायमचा जाईल ही एक भीती, आणि पाय वाचवायला भूल घ्यावी लागेल ही दुसरी. दोन्हींच्या मधोमध ती उभी होती, आणि आम्हाला ते दिसत असून कोणाला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात नीतूची फेरी आली. तिने तेच शोधून पाहिलं आणि आलेले फोटो एकेक करून परत उघडले. "इसमें सब बडे लोग हैं," ती म्हणाली. "बच्चों का एक भी नहीं? सर, सिकलसेलमध्ये पोरांचा खुबा बिघडत नाही का?"

"बिघडतो की," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "पोरांचा खुबा बिघडला तरी पुष्कळदा दुखतं गुडघ्यात. दोन्हीकडचं दुखणं डोक्यापर्यंत नेणाऱ्या नसा त्याच. पोरगं गुडघा धरून येतं. अल्का, तू आली होतीस तेव्हा काय दुखतं म्हणाली होतीस?"

अल्काने की-बोर्ड पुढे सरकवला.

"गुडघा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तक्रार ऐकून तिला गुडघ्याच्या फोल्डरात टाकलं होतं, आणि अल्काने न उघडता तिच्यावर 'गुडघा' लिहिलं होतं. स्वतःचंच हाड स्वतःच लपवून ठेवलं होतं म्हणा. ती खुर्ची ओढून बसली आणि गुडघ्याचा फोल्डर पहिल्यापासून उघडायला लागली. जेवायलाही उठली नाही. दुपारी उशिरा तिने मला हाक मारली. कोपऱ्यात पांढऱ्या शाईत माझं ते कोंबडीचं अक्षर होतं, रामटेके अल्का, १७, आणि साल. डावा गोळा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गोल आणि गुळगुळीत होता.

म्हणजे चपटेपणा नवा होता. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि सांगितलं, ऑपरेशन करा, उशीर करू नका.

पार्वताबाई म्हणाली, नाही.

तिला समजावण्यात पटले डॉक्टरांनी काही कमी ठेवलं नाही. बुद्धभूषणच्या वेळी आजार माहीत नव्हता, आता माहीत आहे. आधी रक्त देतील, सलाईन लावून ठेवतील, भूल देणाऱ्यालाही सगळं ठाऊक असेल. तरी धोका आहेच, तो नाही असं ते म्हणाले नाहीत. ती पदर तोंडाला लावून सगळं ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "लंगडी राहिली तं राहू द्या. पोरगी घरी तं राहीन." तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. अल्का बाहेरच्या बाकावर बसून रागाने रडत होती, आईवरही आणि पायावरही.

पण इकडे दुसरंच काही उघडं पडलं होतं. गुडघ्याच्या फोल्डरात अल्का एकटी नव्हती. गुडघा धरून आलेल्या पोरांचे कितीतरी खुबे तिथे पडून होते. नीतूने गोताची मांडणीच बदलली. 'पेशंटला कुठे दुखतं' हे एक नातं आणि 'फोटोत काय दिसतं' हे दुसरं, दोन्ही वेगळी ठेवली. अल्काने या वेळी एकेक फोटो उघडून, डॉक्टरांना विचारून विचारून लावला. एकाच माणसाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटोही एकमेकांना जोडले. मग पटले डॉक्टरांनी प्रश्न टाकला, सिकलसेल असलेली मुलं, खुब्याचा गोळा बिघडलेला, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. कॉम्प्युटरने ते जोडीजोडीने पडद्यावर आणले. माझ्या एवढ्या नोकरीत मी एक फोटो काढायचो आणि विसरायचो. काढलेल्या फोटोंची ही अशी रांग पाहून मला खरंच भरून आलं.

सगळ्या जोड्या काही गोड नव्हत्या. काहींचा गोळा ऑपरेशननंतरही खचला होता. पण बऱ्याच जणांचा टिकला होता. डॉक्टरांनी पार्वताबाईला बोलावून दोन्ही प्रकारचे दाखवले, काही लपवलं नाही.

तिने शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "काऊन दाखवता मले हे? फोटोत कोनी चालते का?"

उत्तर अल्काने दिलं. पडद्यावरच्या एका जोडीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, या बाईले विचारून पाहा. येते का म्हणा."

ती होती भूमेश्वरी. बोदलकसा तलावाजवळची, बाप मासे धरणारा. सोळाव्या वर्षी गुडघा धरून आमच्याकडे आली होती आणि नागपूरला तिचं हेच ऑपरेशन झालं होतं. पटले डॉक्टरांनी फोन करून आधी तिला सगळं सांगितलं, तुझी ओळख करून द्यायची का, असं विचारलं. ती म्हणाली, त्यात काय विचारता, बुधवारी येतो.

बुधवारी ती बसने आली. पार्वताबाईने तिला चहा विचारला नाही, नाव-गावही विचारलं नाही. सरळ म्हणाली, "चाल बरं."

भूमेश्वरी आमच्या लांबलचक व्हरांड्यातून चालत गेली आणि परत आली. "पायऱ्या चढ." ती चढली, उतरली. "बस खाली. ऊठ." ती भिंतीला हात न लावता बसली आणि उठली. एक्सरेसाठी आलेले पेशंट रांग सोडून बघायला लागले. मी त्यांना हाकलणार होतो, पण मीच तिथून हललो नाही. शेवटी पार्वताबाईने तिला जवळ बसवलं, साडीवरूनच तिच्या खुब्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुई माय काय म्हणे तवा?"

"नाई म्हणे. माह्या हात सोडेच नाई," भूमेश्वरी म्हणाली. "मंग सोडला."

पार्वताबाईने तिच्या खुब्यावरचा हात काढून घेतला. मग उठली, डॉक्टरांच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "करा मंग." आणि तिथेच दाराला धरून रडायला लागली. बुद्धभूषण गेल्यापासून ती चारचौघांत रडली नव्हती, असं रत्नपालने मला नंतर सांगितलं.

ऑपरेशन झालं. आधी रक्त दिलं, नंतरही दिवस-रात्र लक्ष ठेवलं. भूल उतरल्यावर अल्का पहिलं काय बोलली तर, "माझ्या खुर्चीवर कोनी बसलं तं नाई ना?" मग ती बरेच महिने कुबड्यांवर होती. गोळा टिकला. अजून ती डावा पाय थोडा जपूनच टाकते, पण चालते, आणि माझ्याशी भांडायला अगदी माझ्या टेबलापर्यंत येते. मधल्या काळात नीतूने कॉम्प्युटरमध्ये आणखी एक सोय केली. सिकलसेलचं पोर गुडघा दुखतो म्हणून आलं आणि अल्काने तसं टाईप केलं, की पडद्यावर सूचना येते, खुब्याचाही फोटो काढावा. मला आधी त्या सूचनेचा राग यायचा, यंत्राने मला शिकवावं म्हणून. आता येत नाही.

दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, सालेकसा तालुक्यातून एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, गुडघा धरलेला. सूचना आली, मी खुब्याचा फोटो काढला. गोळ्यात फरक नुकता सुरू झाला होता, अगदी वेळेत सापडला होता. पण ऑपरेशन शब्द ऐकताच त्या बाईने मुलीला छातीशी धरलं आणि घरी नेते म्हणाली. पटले डॉक्टर समजावून थकले. पार्वताबाई त्या दिवशी अल्काचा डबा घेऊन आली होती. बाकावर बसून ती सगळं ऐकत होती. मग उठून अल्काच्या टेबलाजवळ गेली.

"ऊठ," ती म्हणाली.

"माय, मी काम करून राहिलो ना."

"काम राहू दे. त्या बाईले चालून दाखव."